दमनकाला शिक्षा का झाली नाही?

पंचतंत्र म्हणजे लहान मुलांच्या बोधकथा, असं आपण धरून चालतो. पण कथेतल्या विष्णुशर्म्याचे विद्यार्थी होते तीन राजपुत्र, विषय राजनीती आणि मुदत सहा महिने. पहिल्याच तंत्रात, ‘मित्रभेदा’त, दमनक कोल्हा कान भरतो आणि पिंगलक सिंह आपल्याच मित्राला, संजीवक बैलाला, मारून टाकतो. मग दमनकाचं काय होतं? काहीच नाही, तो मंत्रीच राहतो!

आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने हा ग्रंथ पहलवीतून अरबीत नेला. त्या ‘कलिला व दिमना’त मात्र दिमनावर, म्हणजे आपल्या दमनकावर, खटला चालतो आणि शिक्षाही होते. विष्णुशर्म्याचा धडा जास्त कडू आहे: कारस्थान करणारा सापडेलच असं नाही, म्हणून ऐकलेल्याची शहानिशा सिंहानेच करायला हवी होती. ऑफिसात आपल्याही कानाशी कुणीतरी लागतंच की!