बीपी घेताना तुला कुणी पाहिलंय?

जून २०१५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या सभेला आलेल्या १५९ वैद्यकीय विद्यार्थ्यांना एक साधं काम दिलं गेलं. समोर बसलेल्या व्यक्तीचं बीपी घ्यायचं. हे विद्यार्थी ३७ राज्यांतल्या कॉलेजांमधले होते. निरीक्षकांच्या हातात ११ गोष्टींची यादी होती. आधी पाच मिनिटं शांत बसू दिलं का, पाय जमिनीला टेकलेत का, पायावर पाय तर नाही ना, हाताला आधार आहे का, कफ योग्य मापाचा आहे का, तो उघड्या दंडावर बांधलाय का, माप घेताना गप्पा थांबवल्या का, दोन्ही हातांवर बीपी पाहिलं का, अशा. अकराच्या अकरा गोष्टी बिनचूक करणारा विद्यार्थी एकच निघाला. बाकीच्यांना सरासरी चारच्या आसपास गोष्टी जमल्या.

ही मुलं हुशार होती आणि बीपी कसं घ्यायचं हे सगळ्यांना शिकवलेलंही होतं. अडचण त्यानंतरची आहे. एकदा शिकवून झालं की त्या हाताकडे पुन्हा कुणी पाहत नाही. आपल्याकडच्या वॉर्डातही तेच चालतं. सकाळच्या ड्यूटीला आलेली नर्सिंगची विद्यार्थिनी एकामागून एक खाटा घेत टीपीआर आणि बीपी लिहीत जाते. चार्ट भरतो, राउंडला आलेले डॉक्टर त्यावरचा आकडा वाचतात आणि गोळी वाढवायची की नाही ते ठरवतात. आजींचा हात अधांतरी होता, कफ पोलक्याच्या बाहीवरून बांधला होता आणि आजी मुलाची तक्रार सांगत होत्या, हे त्या आकड्यात दिसत नाही. हाताला आधार नसला किंवा माणूस बोलत असला, तर वरचं बीपी दहाच्या आसपास जास्त दाखवू शकतं. एवढ्या फरकानं एखाद्याची आयुष्यभराची गोळी सुरू होते.

नर्सिंग आणि एमबीबीएसच्या शिक्षणाबद्दल बोलताना आपण इमारती, जागा, फी, नीट आणि शिक्षकांची रिक्त पदं यांवर बोलतो. ते बोलायलाच हवं. पण सगळी पदं भरली, तरी विद्यार्थी रुग्णाला हात लावत असताना त्याच्या शेजारी उभं राहून पाहणारं कुणी असेलच, असं नाही. माझ्या मते आजच्या वैद्यकीय शिक्षणातली सगळ्यात मोठी उणीव ही आहे. लेक्चरं भरपूर आहेत, पुस्तकं आहेत, यूट्यूबवर व्हिडिओ आहेत. पाहणारा नाही.

जॅक एन्डे या अमेरिकन डॉक्टरांनी १९८३ साली ‘जामा’ या नियतकालिकात फीडबॅकवर एक लेख लिहिला. आजही या विषयावर लिहिणारा जवळपास प्रत्येक जण त्या लेखापाशी जातो. त्यांचा मुद्दा सरळ होता. परीक्षा शेवटी होते आणि निकाल देते. फीडबॅक काम चालू असतानाच मिळायला हवा, म्हणजे पुढच्या वेळचं काम बदलतं. तो मिळाला नाही तर चुका तशाच राहतात, आणि विद्यार्थी जे चांगलं करतो आहे तेही योगायोगानं चाललेलं असतं, कारण ते चांगलं आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

‘माझं मला कळतं’ हा आधारही फार भरवशाचा नाही. २००६ मध्ये ‘जामा’मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात डॉक्टरांनी स्वतःला दिलेले गुण आणि बाहेरच्या निरीक्षकांनी मोजलेलं त्यांचं कौशल्य शेजारी ठेवून पाहिलं गेलं. अशा २० तुलनांपैकी १३ मध्ये दोन्हींचा मेळ फारसा नव्हता, अजिबात नव्हता किंवा उलटाच होता. ज्यांचं काम कच्चं होतं, त्यांतलेच काही जण सर्वांत निश्चिंत होते.

भारतात कागदावर या प्रश्नाचं उत्तर आलेलं आहे. २०१९ मध्ये तेव्हाच्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियानं एमबीबीएससाठी क्षमताधारित अभ्यासक्रम लागू केला. पुढच्याच वर्षी कौन्सिलची जागा नॅशनल मेडिकल कमिशननं घेतली, पण अभ्यासक्रमाची दिशा तीच राहिली. विद्यार्थ्यानं आधी प्रात्यक्षिक पाहायचं, मग मदत करायची, मग पुतळ्यावर किंवा देखरेखीखाली स्वतः करायचं आणि शेवटी स्वतंत्रपणे करायचं, अशा पायऱ्या त्यात आखून दिल्या आहेत. नर्सिंगच्या पदवी अभ्यासक्रमातही इंडियन नर्सिंग कौन्सिलनं सेमिस्टर पद्धत आणताना भर क्षमतांवरच दिला.

एमबीबीएसच्या लॉगबुकचा नमुना तर पाहण्यासारखा आहे. प्रत्येक कौशल्यासमोर रकाने आहेत. हा पहिला प्रयत्न की पुन्हा केलेला? काम अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतकं की जास्त? शिक्षकाचा निर्णय काय, पूर्ण झालं की पुन्हा करायचं? शिक्षकाची सही आणि तारीख. आणि शेवटच्या रकान्यात विद्यार्थ्याची सही, ‘फीडबॅक मिळाला’ म्हणून. ज्यांनी हा तक्ता आखला त्यांना विषय नेमका कळला होता, याबद्दल मला शंका नाही. पण टर्म संपताना पंचवीस-तीस लॉगबुकांचा गठ्ठा टेबलावर येतो, एका बैठकीत सगळ्या सह्या होतात आणि विद्यार्थीही आपल्या रकान्यात सह्या उरकतो. न मिळालेल्या फीडबॅकची पोच मिळते. हे अनेक ठिकाणी घडतं आणि या क्षेत्रातल्या कुणालाही ते नवं नाही.

गाण्याच्या तालमीत गुरू असं करत नाहीत. शिष्याचा गंधार उतरला की तिथेच थांबवतात, स्वतः लावून दाखवतात आणि तोच गंधार पुन्हा लावायला सांगतात. पाहणं, नेमकी एक गोष्ट सांगणं आणि लगेच पुन्हा करू देणं, या तीन गोष्टी एका दमात होतात. त्यांतली एक जरी सुटली तरी उरलेल्या दोन वाया जातात. न पाहता सांगितलेलं मोघम राहतं, आणि पाहून सांगितलं पण पुन्हा करायची संधी दिली नाही, तर विद्यार्थ्याच्या मनात फक्त चूक उरते.

इथे राउंडवरच्या झाडाझडतीबद्दल बोलायला हवं, कारण पुष्कळ ज्येष्ठ तिलाच फीडबॅक समजतात. ‘एवढंही येत नाही? ॲडमिशन कशी मिळाली तुला?’ हे रुग्णासमोर, नातेवाइकांसमोर, बॅचमधल्या सगळ्यांसमोर बोललं जातं. ‘आम्हीही असेच घडलो’ हे त्याचं समर्थन. क्लुगर आणि डेनिसी या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे तोवरचे प्रयोग एकत्र करून ६०० हून अधिक परिणाम तपासले. सरासरीनं फीडबॅकचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर कामगिरी आधीपेक्षा घसरली. त्यांचं स्पष्टीकरण असं, की बोलणं कामाऐवजी माणसावर गेलं की त्याचं लक्षही कामावरून स्वतःवर जातं. झापला गेलेला विद्यार्थी यकृत कसं तपासायचं याचा विचार करत नसतो. उद्या मागच्या रांगेत कसं उभं राहायचं याचा विचार करत असतो. नुसत्या कौतुकाचंही तेच. ‘छान, हुशार आहेस’ हे ऐकायला बरं वाटतं, पण उद्या सकाळी काय वेगळं करायचं ते त्यातून कळत नाही. आणि आधी स्तुती, मध्ये चूक, शेवटी पुन्हा स्तुती ही कार्यशाळांमधून शिकवली जाणारी युक्ती मुलं दोन आठवड्यांत ओळखतात. मग स्तुती चालू असतानाच ती ‘पण’ची वाट पाहू लागतात.

चांगला फीडबॅक कसा असतो? वॉर्डातलं एक नमुन्याचं संभाषण घेऊ.

‘कफचं माप तू बरोबर निवडलंस. पण बाही वर केली नाहीस, आणि आजींचा हात हवेत होता.’

‘हो मॅडम, त्या बोलत होत्या म्हणून मी घाईत घेतलं.’

‘मग त्यांना काय सांगशील?’

‘आजी, दोन मिनिटं बोलायचं नाही, मग मी सगळं ऐकते.’

‘आता उशी घे हाताखाली आणि परत घे. मी इथेच आहे.’

हे सगळं मिळून पाच मिनिटांत होतं. त्यात विद्यार्थिनीच्या स्वभावावर, हुशारीवर, घरावर एक शब्द नाही. चूक का झाली हे तिनंच सांगितलं, आणि ते महत्त्वाचं होतं. तिला बाहीचा नियम ठाऊक होता. अडलं होतं ते बोलणाऱ्या रुग्णाला न दुखावता थांबवण्यापाशी.

वेळ नाही, ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही. ओपीडीत रांग लागलेली, इमर्जन्सी चालू, वर कागदपत्रं. पण हिशेब करून पाहू. २० जणांची बॅच, प्रत्येकाचं एकच छोटं काम पाहायचं, प्रत्येकी पाच मिनिटं. १०० मिनिटं झाली. चार आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये विभागली, तर आठवड्याला २५ मिनिटं. अमेरिकेत जॉन नॉर्सिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘मिनी-सीईएक्स’ ही पद्धत मांडली ती याच अडचणीतून. आधीच्या पद्धतीत एका लांबलचक रुग्णतपासणीवरून शिकाऊ डॉक्टरची पारख व्हायची, म्हणून ती क्वचित व्हायची आणि तीही एकाच रुग्णावर. त्याऐवजी पंधरा-वीस मिनिटांच्या अनेक छोट्या भेटी, वेगवेगळे रुग्ण, वेगवेगळे परीक्षक आणि प्रत्येक भेटीनंतर लगेच बोलणं. आपल्याकडच्या पदव्युत्तर विभागांमध्येही ही पद्धत वापरली जाते. ती फक्त फॉर्म भरण्यापुरती राहिली, तर तिचीही लॉगबुकसारखीच गत होईल.

नर्सिंगची गोष्ट थोडी वेगळी आणि जास्त अन्यायाची आहे. विद्यार्थिनी वॉर्डात आली की ती शिकायला आली आहे हे विसरलं जातं. बेड मेकिंग, चार्ट, सॅम्पल पोचवणं यात दिवस जातो, कारण माणसं कमी असतात. ट्यूटर कॉलेजात आणि वॉर्डात अशा दोन ठिकाणी विभागलेल्या. रायल्स ट्यूब घालताना, सक्शन करताना, औषध देण्याआधी रुग्णाचं नाव ताडून पाहताना तिच्या शेजारी प्रत्यक्षात असते ती स्टाफ नर्स किंवा इन्चार्ज सिस्टर. शिकवण्याचा अधिकार आणि वेळ मात्र तिला कुणी दिलेला नसतो. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिकी नर्स अनुभवातून तज्ज्ञ कशी होते याचे पाच टप्पे मांडले. त्यांचं सांगणं असं, की मुरलेली नर्स नियम आठवत बसत नाही, तिला परिस्थिती एका नजरेत कळते. तिची नजर विद्यार्थिनीपर्यंत पोचायची तर ती बोलून दाखवावी लागते: ‘हा रुग्ण मला आज बरा वाटत नाही, श्वास बघ, ओठ बघ.’ हे शिकवणं आहे, आणि ते ड्यूटीच्या तासांत धरलं गेलं पाहिजे. इन्चार्ज सिस्टरना फीडबॅक कसा द्यायचा याचं प्रशिक्षण आणि आठवड्यातला थोडा राखीव वेळ दिला, तर त्याचा उपयोग नव्या सिम्युलेशन लॅबपेक्षा कमी होणार नाही, असं मला वाटतं.

लॅबची किंमत मी कमी करत नाही. सीपीआरचंच पाहा. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटीमीटर खोल दाबायची आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. नुसत्या डोळ्यांनी पाच सेंटीमीटर झाले की चार, हे अनुभवी शिक्षकालाही नीट सांगता येत नाही. म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशननं प्रौढांच्या सीपीआरच्या आपल्या वर्गांमध्ये वेग आणि खोली त्याच क्षणी दाखवणारं उपकरण ३१ जानेवारी २०१९ पासून सक्तीचं केलं. दाब कमी पडला की दिवा सांगतो, हात लगेच सुधारतो. तिथे अपमानाचा प्रश्नच नाही. तरीही काही महिन्यांत हात पुन्हा कच्चा होतो, म्हणून एकदा सर्टिफिकेट मिळवून भागत नाही. सराव थोडा पण वारंवार हवा.

पुस्तकी ज्ञानालाही हेच लागू आहे. २००९ मध्ये लार्सन, बटलर आणि रोडिगर यांनी निवासी डॉक्टरांवर केलेला प्रयोग सांगतो. दोन आजारांबद्दल शिकवल्यावर एका विषयाची तीनदा चाचणी घेतली, दर वेळी उत्तरं समजावली. दुसरा विषय तेवढ्याच वेळा नुसता वाचायला दिला. सहा महिन्यांनंतर चाचणीतून शिकलेलं सरासरी ३९ टक्के आठवलं, वाचलेलं २६ टक्के. आपल्याकडे इंटर्नल परीक्षेचे गुण नोटीस बोर्डावर लागतात, पण उत्तरपत्रिका हातात घेऊन कुठे चुकलं हे बोलणं क्वचितच होतं. चाचणीतून शिकायचा अर्धा भाग तिथेच सुटतो.

विद्यार्थ्यांच्या हातातही काही आहे. ‘सर, माझं कसं झालं?’ असं विचारलं की ‘ठीक आहे’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी आधीच सांगावं: ‘सर, मी आता प्लीहा तपासणार आहे, माझा हात कुठून सुरू होतो तेवढं बघाल का?’ किंवा ‘सिस्टर, सलाईन लावताना मी शीर निवडते ती बरोबर आहे का सांगाल?’ प्रश्न एवढा छोटा असला, की घाईतला माणूसही थांबतो.

आणि विद्यापीठांना एक छोटा बदल करता येईल. लॉगबुकच्या शेवटच्या रकान्यात सहीपुरत्या जागेऐवजी दोन ओळींची जागा द्यावी. एका ओळीत विद्यार्थ्यानं स्वतःच्या शब्दांत लिहावं: मला काय सांगितलं गेलं. दुसरीत: तेच काम मी पुन्हा कधी आणि कुणासमोर केलं. टर्मच्या शेवटी एका बैठकीत या ओळी भरता येणार नाहीत, कारण त्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतील. ज्या विभागात त्या कोऱ्या राहतील, तिथे कुणी कुणाला पाहिलेलं नाही हे विद्यापीठाच्या तपासणी समितीला पानं उलटतानाच कळेल.