विश्लेषण : प्रोसेसर सूचनांचा क्रम का बदलतो? लिनक्सचा गाभा त्याला आवर कसा घालतो?

अँड्रॉइड फोन असो, बँकेचा सर्व्हर असो वा महासंगणक. बहुतेकांच्या मुळाशी लिनक्स कर्नल असतो. तिथे एकच माहिती अनेक कोअर एकाच वेळी वाचतात आणि त्याच क्षणी एखादा कोअर ती बदलतही असतो. या वाचनाचे गणित चुकले तर काय होते, हे २०२३ मधील ‘स्टॅकरॉट’ त्रुटीने दाखवून दिले.

क्रम बदलतो म्हणजे नेमके काय?

प्रोसेसरच्या तुलनेत मेमरी फार संथ असते. त्यामुळे वाट पाहत बसण्याऐवजी प्रोसेसर पुढचे काम उरकून घेतो. लिहायची माहिती तो आधी ‘स्टोअर बफर’मध्ये ठेवतो. कंपायलरही सूचना मागेपुढे करतो. कोअर एकच असेल तर काही बिघडत नाही. पण समजा, एका कोअरने माहिती भरली आणि मग ‘तयार’ अशी खूण केली. दुसऱ्या कोअरला खूण आधी दिसली आणि माहिती मात्र जुनीच मिळाली, तर घोळ होतो. फलाटावरचा इंडिकेटर लागला, पण वेळ आधीच्याच लोकलची दाखवली, तसा हा प्रकार.

सर्व प्रोसेसर सारखेच वागतात का?

नाही. इंटेल-एएमडीचे ‘एक्स८६’ प्रोसेसर तुलनेने शिस्तीचे. एका कोअरने केलेले सामान्य बदल इतरांना त्याच क्रमाने दिसतात. मोबाइलमधील ‘एआरएम’ प्रोसेसरना बरीच मोकळीक असते. म्हणूनच लॅपटॉपवर बिनबोभाट चालणारा सदोष कोड फोनवर अडखळू शकतो.

यावर उपाय काय?

‘मेमरी बॅरियर’, म्हणजे ‘या रेषेपलीकडे क्रम बदलू नका’ असा आदेश. लिहिणाऱ्याने माहिती भरल्यावर ‘रिलीज’ पद्धतीने खूण करायची आणि वाचणाऱ्याने ती ‘अ‍ॅक्वायर’ पद्धतीने वाचायची. केवळ एका बाजूने काळजी घेऊन भागत नाही. हे नियम काटेकोरपणे मांडणारे ‘मेमरी मॉडेल’ २०१८ मध्ये कर्नलमध्ये दाखल झाले. अशा चुका हुडकणारे ‘केसीसॅन’ हे साधन २०२० मध्ये आले.

कुलूप न लावता वाचन कसे शक्य होते?

प्रत्येक वाचकाने कुलूप लावले तर वेग मंदावतो. पॉल मॅकेनी यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये लिनक्समध्ये आलेल्या ‘आरसीयू’ तंत्रात वाचकांना थांबावे लागत नाही. बदल करणारा मूळ माहितीची प्रत काढतो, ती दुरुस्त करतो आणि मग पत्ता नव्या प्रतीकडे वळवतो. जुनी प्रत वापरणारे सर्व वाचक बाहेर पडल्यावरच ती मोकळी केली जाते.

मग ‘स्टॅकरॉट’मध्ये काय चुकले?

डिसेंबर २०२२ मधील ६.१ आवृत्तीत प्रक्रियेच्या मेमरीची नोंद ठेवण्यासाठी ‘मेपल ट्री’ ही नवी रचना आली. स्टॅक वाढवताना केवळ वाचनाचे कुलूप घेऊन तिच्यातील नोड बदलला जात असे. जुना नोड ‘आरसीयू’मार्फत नंतर मोकळा होई. मात्र त्याच वेळी दुसरा वाचक फक्त वाचनाच्या कुलपावर विसंबून तोच नोड वापरत असे. ‘आरसीयू’च्या हिशेबात हा वाचक नव्हताच! परिणामी, मोकळी झालेली मेमरी वापरली जाण्याचा धोका निर्माण झाला. त्यातून साध्या वापरकर्त्यालाही सर्वोच्च ‘रूट’ अधिकार मिळवणे शक्य होते. ६.१ ते ६.४ या आवृत्त्यांना त्याची झळ बसली.

दुरुस्ती कशी झाली?

जून २०२३ च्या अखेरीस कर्नलमध्ये बदल झाला. स्टॅक वाढवण्यापूर्वी लेखनाचे कुलूप घेणे बंधनकारक झाले आणि जुलैच्या सुरुवातीपासून सुधारित आवृत्त्या मिळू लागल्या. अशा चुका क्षणाच्या योगायोगावर अवलंबून असल्याने चाचणीत सहज सापडत नाहीत. म्हणूनच ‘सुरक्षा अपडेट’ची सूचना पुढे ढकलणे महागात पडू शकते.