पिल्लाचा दिवस : श्रम, विसावा आणि ओळख

कामगारांच्या सभेत बोलणाऱ्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत येऊन कुत्र्याच्या पिल्लावर बोलावे, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. परंतु हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. आमच्या हातून या बाबतीत एक मोठी चूक घडली आहे, आणि तीच चूक आपल्या गावात घरोघरी होताना आम्ही रोज पाहतो. म्हणून चार शब्द सांगावेसे वाटले.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही चाळीत राहत असताना मुलांनी रस्त्यावरचे एक पिल्लू उचलून आणले. त्याचे नाव मोत्या ठेवले. सकाळपासून रात्रीपर्यंत चाळीतली मुले त्याला या हातातून त्या हातात खेळवीत. झोपले की उठवीत. दमले की आणखी पळवीत. आम्हांला वाटे, पिल्लू मजेत आहे. पाचव्या महिन्यात मोत्या गुरगुरू लागला. मग आम्ही त्याला जिन्याखाली साखळीने बांधले आणि लोकांपासून तोडले. एके दिवशी तो झोपला असता एका पोराने त्याला मिठी मारली, आणि मोत्या त्याच्या हाताला चावला. कोणी जखमेवर तिखट भरले. शेजारच्या एका जाणत्या बाईंनी आम्हांला रागावून मुलाला दवाखान्यात नेवविले, म्हणून पुढचा अनर्थ टळला. मोत्याला मात्र चाळकऱ्यांनी पोत्यात घालून नदीपलीकडे सोडले. आम्ही ते होऊ दिले. दोष त्याचा नव्हता, हे कळायला आम्हांला पुढे पुष्कळ वाचावे आणि विचारावे लागले.

आधी विसाव्याचे सांगतो. आठ-दहा आठवड्यांचे पिल्लू दिवसाच्या 24 तासांपैकी 18 ते 20 तास झोपते. हा आळस नव्हे. याच झोपेत त्याचे अंग वाढते आणि जागेपणी पाहिलेले, शिकलेले त्याच्या मेंदूत पक्के होते. पिल्लू साधारण पाऊण-एक तास जागे राहिले की त्याला पुन्हा झोप हवी असते. ती मिळाली नाही तर ते निमूटपणे पडून राहत नाही. उलट ते वेड्यासारखे घरभर धावते, धोतर-साडीचा पदर ओढते, हाताला कडकडून चावते. घरची माणसे म्हणतात, ‘याच्या अंगात रग फार, याला आणखी पळवा!’ वास्तविक ते थकून चिडलेले असते. जत्रेहून आलेले लहान मूल रात्री जसे उगाच किरकिर करते, तशातलाच हा प्रकार. अशा वेळी त्याला कोपऱ्यातल्या गोणपाटावर नेऊन ठेवावे, दिवा मंद करावा आणि आपण शांत बसावे. बहुधा दहा मिनिटांत ते झोपी जाते. घरातील मुलांना एकच नियम पाठ करायला लावावा : झोपलेल्या आणि खात असलेल्या पिल्लाला हात लावायचा नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि 1890 साली रविवारची सुटी मिळवून दिली. विसावा ही मेहेरबानी नव्हे, तो हक्क आहे, हे आमच्या चळवळीने तेव्हापासून सांगितले. तोच विसावा आम्ही आमच्या दारातल्या जिवाला नाकारला, ही गोष्ट आम्हांला आजही टोचते.

आता श्रमाकडे वळू. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेचा थर असतो. हाड तेथूनच वाढते. हा थर पक्का व्हायला सुमारे एक वर्ष लागते, आणि थोराड जातीच्या कुत्र्यांत दीड वर्षापर्यंतही लागू शकते. तोवर सायकलच्या मागे दोरीने पळविणे, उंचावरून वारंवार उड्या मारायला लावणे, डांबरी रस्त्यावर दूरवर ओढत नेणे हे टाळलेच पाहिजे. ‘वयाच्या दर महिन्यास पाच मिनिटे चालवावे’ असा एक नियम पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. त्याला भक्कम संशोधनाचा आधार नाही. अतिरेकाला आवर घालणारा अंदाज म्हणून तो ठीक आहे, पण त्याला कायदा समजू नये.

याउलट 2012 साली नॉर्वेतील संशोधकांनी थोराड जातींच्या पिल्लांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन महिन्यांपर्यंत ज्या पिल्लांना रोज जिने चढावे-उतरावे लागले, त्यांच्यात खुब्याच्या सांध्याचा विकार जास्त आढळला. जी पिल्ले मोकळ्या, उंचसखल जमिनीवर साखळीवाचून हिंडली, त्यांच्यात तो कमी आढळला. यावरून घ्यायचा धडा असा की, श्रम वाईट नाहीत, लादलेले श्रम वाईट. पिल्लाला मऊ मातीत वा गवतावर आपल्या मर्जीने धावू द्यावे, हुंगू द्यावे, आणि ते खाली बसले की आपणही थांबावे. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी लहानपणी त्याला कडेवर उचलून नेलेले बरे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यत्वे धापा टाकूनच अंग निववते. म्हणून चालणे पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. रस्त्यावर आपला तळहात टेकवून पाहावा. आपल्याला चटका बसला तर त्याच्या पंजालाही बसणारच.

तिसरी गोष्ट ओळखीची, आणि सर्वांत जास्त हेळसांड हिचीच होते. अमेरिकेतील बार हार्बर येथे स्कॉट व फुलर या दोघा शास्त्रज्ञांनी पिल्लांच्या वाढीचा अनेक वर्षे अभ्यास केला व 1965 साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. तेथेच झालेल्या आणि 1961 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्ले कुंपणाच्या आत माणसांपासून दूर वाढविली. ज्यांना मधल्या आठवड्यांत माणसांचा सहवास मिळाला ती माणसाळली. जी 14 आठवड्यांपर्यंत माणसांवाचून राहिली ती पुढे रानटीच राहिली. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा मोलाचा आहे. त्यातही पहिले आठ आठवडे पिल्लू आई आणि भावंडांपाशीच असावे, कारण किती जोराने चावले की दुसऱ्याला दुखते, हे ते त्यांच्याकडूनच शिकते.

परंतु ओळख करून देणे म्हणजे पिल्लू दहाजणांच्या हाती देणे नव्हे. आम्ही तेच केले आणि फसलो. छत्रीवाला, काठी टेकत जाणारे आजोबा, पोस्टमन, रिक्षा, कुकरची शिट्टी, लग्नाचा बँड, बैलगाडी, हे सारे त्याने दुरून, आपल्या माणसाच्या आडोशाने पाहावे. त्या वेळी त्याला एखादा खाऊचा तुकडा द्यावा. शेपूट पायांत गेली, कान मागे पडले, ते तोंड फिरवू लागले किंवा झोप नसता जांभया देऊ लागले, की ते घाबरले आहे असे समजून मागे फिरावे. दिवसाला एक-दोन नव्या गोष्टी पुष्कळ झाल्या. त्याबरोबरच एकटे राहण्याचीही सवय लावावी. आधी दोन मिनिटे, मग पाच, मग पंधरा. घरातील सगळी माणसे कामावर जात असतील, तर दुपारी कोण येऊन पाहणार हे पिल्लू आणण्याआधीच ठरवावे.

येथे एक अडचण उभी राहते. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे जीवघेणे रोग याच वयात गाठतात. लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास सुरू होऊन, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत द्यावी लागते. तोवर पिल्लू कोंडून ठेवले, तर ओळखीचा काळ निघून जातो. यातला मध्यम मार्ग असा : पहिली लस झाल्यावर पिल्लाला कडेवर किंवा पिशवीत घेऊन बाहेर न्यावे, जेथे पुष्कळ कुत्री घाण करतात तेथे जमिनीवर सोडू नये, आणि लस झालेल्या निरोगी, शांत कुत्र्यांशीच भेट घडवावी. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी सुरू होते. पुढच्या तारखा जनावरांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.

आणि हे विसरू नका : कोणतेही कुत्रे, मग ते घरचे पिल्लू का असेना, चावले किंवा त्याचा दात वा नख लागून ओरखडा आला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तिखट, चुना, हळद काही लावू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते.

तेव्हा पिल्लाचा दिवस कसा असावा? उठले की बाहेर नेणे, मग खाणे, थोडा खेळ किंवा एखादी नवी ओळख, आणि मग लांब झोप. हेच चक्र दिवसातून पाच-सहा वेळा फिरते. वय वाढेल तसा जागेपणाचा वेळ आपोआप वाढत जातो.

शेवटी एकच विनंती. पिल्लू आणण्याआधी घरातल्या लहानथोरांची एक बैठक घ्या. सकाळी कोण नेणार, दुपारी कोण पाहणार, डॉक्टरांचा खर्च कोठून करणार, झोपेची जागा कोणती, हे सगळ्यांसमोर ठरवा. पुढे दहा-बारा वर्षे हा करार पाळायचा आहे, आणि दुसऱ्या पक्षाला बोलता येत नाही. एवढे जमणार नसेल तर पिल्लू आणू नका. मोत्याच्या वेळी अशी बैठक आमच्या घरी झाली असती, तर त्याला पोत्यात घालायची पाळी आली नसती.