टेलच्या शेतकऱ्याकडून कारभाराचे धडे

अमेरिकेतल्या केलॉग, हास यांसारख्या व्यवस्थापन महाविद्यालयांत एक चांगली पद्धत आहे. विद्यार्थ्याला एखाद्या ना-नफा संस्थेच्या संचालक मंडळात साधारण एक शैक्षणिक वर्ष बसवतात. त्याला मत नसते. तो बैठका ऐकतो, कागद वाचतो आणि संस्थेला उपयोगी पडेल असे एखादे काम पुरे करून देतो. नाशिकच्या विद्यार्थ्याला अशी खुर्ची कुठे मिळावी, असे कोणी विचारले तर मी ओझरच्या पाणी वापर संस्थांचे नाव घेईन.

ओझर वाघाड धरणाच्या उजव्या कालव्याच्या शेवटाला येते. धरण दिंडोरी तालुक्यात, ओझर निफाडमध्ये. कालव्याला पाणी सुटायचे, पण टेलपर्यंत, म्हणजे कालव्याच्या शेवटापर्यंत, पुरेसे पोहोचत नसे. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांना एकत्र केले आणि १९९०च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. शासनाकडून पाणी मोजून घ्यायचे आणि आपसात वाटायचे, असा करार झाला. पुढे २००३ मध्ये धरणाखालच्या सगळ्या संस्थांची मिळून प्रकल्पस्तरीय संस्था झाली. ज्यांना पाणी मिळत नव्हते त्यांनीच कारभाराला सुरुवात केली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

खुर्चीवर बसण्याआधी विद्यार्थ्याने संस्थेचे उपविधी वाचावेत आणि मागच्या दोन-तीन वर्षांची इतिवृत्ते चाळावीत. कोणता विषय दर बैठकीला येतो आणि पुढे ढकलला जातो, हे तिथेच सापडते. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ हाही सोबत ठेवावा. या कायद्याने संचालक मंडळात लाभक्षेत्राच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागाला सारख्या जागा दिल्या आहेत, आणि अध्यक्षपदही या तीन भागांत फिरते. वरच्या शेतकऱ्याच्या दारावरून पाणी जाते, त्यामुळे त्याची ताकद आपोआपच जास्त. ती मंडळात तरी वरचढ होऊ नये, म्हणून ही रचना.

मग आकडे. संस्थेला हंगामाचा कोटा घनमीटरमध्ये ठरवून मिळतो आणि पाणीपट्टीही त्या मापाने भरायची असते. कोणते पीक घ्यायचे ते शेतकरी ठरवतो. चारीतून, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्यातून, एक क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) पाणी चोवीस तास वाहिले, तर ८६,४०० घनफूट, म्हणजे सुमारे २,४५० घनमीटर होते. एका पाळीला शेतात साडेसात सेंटिमीटर पाणी धरले, तर एका एकराला साधारण ३०० घनमीटर लागते. हिशेबाने आठ एकर भिजायला हवे. पण वाटेत पाव हिस्सा मुरला, तर सहाच एकर भिजते. हे दोन एकर कोणाचे सुटायचे? वरून वाटप सुरू केले तर नेहमी टेलचे. शेवटाकडून वर येत वाटप केले तर तूट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येते आणि चारी दुरुस्त करण्याची घाई वरच्यालाही होते. एवढा एक हिशेब विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने मांडला, तर नियम का करावे लागतात हे त्याला नीट कळेल.

आणखी एक गोष्ट बैठकीतच शिकता येते. पाटकरी कालव्याचे दार उघडतो, संचालक मंडळ वाटपाचा क्रम ठरवते. एखाद्या संचालकाने आपल्या शेतासाठी परस्पर पाटकऱ्याला फोन केला, तर मंडळाच्या ठरावाला अर्थ राहत नाही. विद्यार्थ्यानेही हे पाळायचे. त्याला काही दिसले तर त्याने अध्यक्षांना सांगावे, पाटकऱ्याला सूचना देऊ नये. तसेच थकबाकीचा विषय निघाला आणि थकबाकीदार संचालक समोर बसला असेल, तर त्याने बाहेर जावे की नाही, तो गप्प राहिला तरी पुरे का, यावर मंडळ कसे वागते ते पाहावे. पुस्तकातले हितसंबंधांवरचे प्रकरण पाठ केलेल्याला इथे माणसे दिसतात. भावकी दिसते, पुढच्या निवडणुकीतले मत दिसते, आणि सकाळी याच माणसाच्या बांधावरून जायचे आहे हेही दिसते.

ओझरच्या संस्था कालव्यापाशीच थांबल्या नाहीत. ओढ्यानाल्यांवर बंधारे घालून त्यांत पाणी अडवले आणि विहिरींना पाझर मिळू दिला. द्राक्षबागेला कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहून चालत नाही, विहिरीत पाणी असावे लागते. पण मुरलेले पाणी दुसऱ्याच्या विहिरीत वर येते, तेव्हा बंधाऱ्याचा खर्च कोणी उचलायचा? अशा प्रश्नाला वहीत तयार उत्तर नसते. मंडळाला ते बोलून, भांडून, पुन्हा बसून काढावे लागते, आणि इथे विद्यार्थ्याने ऐकण्यातच सगळा वेळ घालवावा.

वर्षअखेरचे काम मात्र नेमके द्यावे. प्रत्येक चारीच्या वाट्याला किती पाणी होते, प्रत्यक्ष किती पोहोचले, पट्टी किती आली आणि दुरुस्तीवर किती गेली, असा एका पानाचा तक्ता विद्यार्थ्याने करावा. मंडळाने तो तपासल्यावर विद्यार्थ्याने वार्षिक सर्वसाधारण सभेत स्वतः वाचून दाखवावा. सभासद उभे राहून आपापल्या चारीचा आकडा विचारतील. उत्तर त्याने सभासदांच्याच भाषेत, एकरांत आणि पाळ्यांत द्यावे.