केबलच्या खड्ड्यातून मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत

टेलिफोनची केबल टाकायची म्हटले की रस्त्याच्या कडेला खड्डे खणणारी माणसे कुठल्या वस्तीतून येतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. टॉवरवर चढणारा, पावसात रात्री फायबरचा जोड मारणारा, डिझेलचे कॅन खांद्यावरून नेणारा तरुण पुष्कळदा आपलाच असतो. पण त्या कामाचा हिशेब ज्याच्या टेबलावर जातो, त्या दूरसंचार व्यवस्थापकाच्या, म्हणजे टेलिकॉम मॅनेजरच्या खुर्चीवर आपला माणूस क्वचितच दिसतो. ही खुर्ची आभाळातून पडत नाही. तिला पायऱ्या आहेत. त्या आपल्या घराघरांत माहीत व्हाव्यात म्हणून हा लेख.

आमच्या वस्तीतील एका तरुणाची हकीकत आधी सांगतो. त्याने आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्सचा दोन वर्षांचा कोर्स केला आणि घरची ओढाताण पाहून एका ठेकेदाराकडे लागला. फायबरचे जोड मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. आठ वर्षे त्याने हे काम केले. मग सुपरवायझरची जागा निघाली, त्याने अर्ज केला. साहेबांनी विचारले, डिप्लोमा आहे का? नव्हता. अनुभवाचा दाखला? तीन ठेकेदार झाले होते, एकानेही कागद दिला नव्हता. ती जागा ज्या मुलाला मिळाली, त्याला जोड मारायला यानेच शिकवले होते.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर तो मला म्हणाला, "दादा, माझं काय चुकलं?" मला उत्तर देता येईना. आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, ही साधी गोष्ट आठ वर्षांत त्याला कोणी सांगितली नव्हती. आम्ही कार्यकर्ते म्हणवणारे तेव्हा जयंतीच्या वर्गणीत गुंतलो होतो. ही आमचीही चूक आहे आणि ती मी येथे कबूल करतो.

मॅनेजर नेमके करतो काय?

पुष्कळांना वाटते, टेलिकॉम मॅनेजर म्हणजे एसीत बसून सही करणारा माणूस. प्रत्यक्षात काम कसे चालते ते पाहा. रस्त्याचे काम चालू असताना जेसीबीच्या दात्याने फायबर तुटते. नियंत्रण कक्षात, ज्याला 'नॉक' म्हणतात, तेथे चोवीस तास पाळ्या असतात. तेथील पडद्यावर लगेच इशारा उमटतो. ओटीडीआर नावाचे यंत्र प्रकाशाचा झोत सोडून किती अंतरावर तुटले आहे ते दाखवते. मग गाडी, माणसे आणि जोडयंत्र घेऊन पथक निघते.

या सगळ्यात मॅनेजरला पटापट निर्णय घ्यावे लागतात. तोपर्यंतची वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळवता येते का? आधी इस्पितळाची लाइन सुरू करायची की बँकेची? खणायला पालिकेची परवानगी कोण आणणार? वीज गेली तर बॅटरी किती तास टिकेल, जनरेटरला डिझेल आहे का? २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईत अनेक भागांतली वीज गेली आणि पाठोपाठ फोनही बंद पडले, हे ज्यांनी अनुभवले त्यांना या प्रश्नांचे मोल कळेल. काम झाल्यावर बिघाड का झाला, किती वेळ गेला, खर्च किती आला, याचा अहवाल लिहावा लागतो, तोही बहुधा इंग्रजीत.

म्हणजे या पदाला चार गोष्टी लागतात: तंत्राचे ज्ञान, माणसे सांभाळण्याची हातोटी, हिशेब आणि लेखी भाषा. पहिल्या दोन गोष्टी आपली मुले कामावर शिकतात. पुढच्या दोन मुद्दाम शिकाव्या लागतात आणि आपण अडतो ते तेथेच.

हे पद केवळ मोबाइल कंपन्यांतच असते असेही नाही. रेल्वेचे सिग्नल व दूरसंचार खाते आहे, पोलिसांचे बिनतारी खाते आहे. बँका, मोठी इस्पितळे, बंदरे, विमानतळ यांनाही स्वतःची दूरसंचार यंत्रणा सांभाळणारा माणूस लागतो.

पायऱ्या कोणत्या?

पहिली वाट दहावीनंतरची. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. त्याला दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, वेगळी परीक्षा नसते. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. ज्या घराला मुलाची कमाई लवकर हवी, त्या घराला ही वाट सोयीची, कारण डिप्लोमावर नोकरीही मिळते आणि पुढचे दारही उघडे राहते.

दुसरी वाट बारावी सायन्सची. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन सीईटी द्यायची आणि चार वर्षांची पदवी घ्यायची. ही पदवी असली की संघ लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा देता येते. त्यातून भारतीय दूरसंचार सेवेत थेट अधिकारी म्हणून जाता येते. या परीक्षेची सर्वसाधारण वयोमर्यादा ३० वर्षे आहे, अनुसूचित जातींना पाच वर्षांची सवलत आहे आणि फीही माफ आहे. डिप्लोमावाल्यांसाठी रेल्वेत ज्युनिअर इंजिनिअरची परीक्षा असते.

तिसरी वाट कॉमर्सवाल्यांची. मी स्वतः बी.कॉम., म्हणून आवर्जून सांगतो. बिलिंग, वसुली, निविदा, टॉवरच्या जागांचे भाडेकरार, वीजबिले ही सगळी कामे हिशेब जाणणाऱ्याची आहेत. त्यावर व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले तर वर चढता येते. पुण्यात टेलिकॉम व्यवस्थापन शिकवणारी सिंबायोसिसची संस्था १९९६ पासून आहे. तिची फी आपल्याला जड आहे, पण निदान असे शिक्षण असते हे मुलांना ठाऊक हवे.

सरकारी दार अरुंद झाले आहे

मागच्या पिढीतील आपले कितीतरी लोक टेलिफोन खात्यात लाइनमन, केबल जॉइंटर, ऑपरेटर म्हणून लागले आणि खात्यांतर्गत परीक्षा देत वर गेले. त्यांना राखीव जागांचा आधार होता. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, तेव्हा हे दार आपल्यासाठी आणखी उघडले. पण काळ पालटला. १९९४ च्या दूरसंचार धोरणाने खाजगी कंपन्यांना वाट मोकळी झाली. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. १ ऑक्टोबर २००० रोजी खात्याचे बीएसएनएल झाले. आणि जानेवारी २०२० अखेर बीएसएनएल व एमटीएनएलमधील मिळून ९० हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले.

आज बहुतेक नोकऱ्या खाजगी कंपन्यांत आणि त्यांच्या ठेकेदारांकडे आहेत. तेथे आरक्षण नाही. तेथे नोकरीची हमीही नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले तेव्हा काही कंपन्यांनी गाशा गुंडाळला, पुढे विलीनीकरणे झाली. कंपनी बुडते तेव्हा शिक्षण, अनुभव आणि कागद एवढेच माणसाच्या हाती राहते. खाजगी क्षेत्रात आरक्षणाची मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. पण ती मान्य होईपर्यंत मुलांनी हात बांधून बसायचे का?

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४२ साली त्यांनी सरकारला निवेदन दिले आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला. देशात यंत्रयुग येत असताना आपला समाज त्याच्या दाराबाहेर राहू नये, ही त्यामागची तळमळ होती.

कागद सांभाळा

ठेकेदाराकडे काम करणाऱ्या प्रत्येक भावाला माझी हात जोडून विनंती आहे. नेमणुकीचे पत्र, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर आणि काम सोडताना अनुभवाचा दाखला, या चार गोष्टी मागून घ्या. पावती नसेल तर पगार बँकेत जमा करायला लावा. टॉवरवर सेफ्टी बेल्टशिवाय चढू नका. मॅनेजर व्हायला आधी माणूस जिवंत राहिला पाहिजे.

विद्यार्थ्यांनी जातीचा दाखला आणि जात पडताळणी वेळेवर करून घ्यावी. केंद्राच्या नोकरीसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. त्यात बौद्ध धर्म आणि मूळ अनुसूचित जात यांची नोंद नीट आहे का, हे अर्जाच्या आधीच तपासा. भारत सरकारची शिष्यवृत्ती, वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजना, स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याच्या बार्टीचे प्रशिक्षण, हे सर्व आपल्या हक्काचे आहे.

मुलींना मागे ठेवू नका

नॉक, नेटवर्कची आखणी, बिलिंग या कामांत मुली कुठेही कमी पडत नाहीत. आई-वडिलांची चिंता रात्रपाळीची असते, ती रास्त आहे. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार (२०१७) रात्रपाळीसाठी महिलेची संमती लागते आणि तिला सुरक्षितपणे घरी पोहोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. हे विचारून घ्या, पण घाबरून मुलीचे शिक्षण तोडू नका.

घराने काय करावे?

डिप्लोमापासून मॅनेजरपदापर्यंत बराच काळ जातो. या वर्षांत घराने मुलाच्या मागे उभे राहावे लागते. घरात रोज अर्धा तास इंग्रजी वाचन व लेखन व्हावे. दिवसभरात काय केले ते मुलाने एक पानभर इंग्रजीत लिहावे. पुढे अहवाल लिहिताना हीच सवय कामाला येते. संगणकावर एक्सेल शिकावे. लग्नात आणि बारशात होणाऱ्या खर्चातून एका सत्राची फी निघते, याचाही विचार व्हावा.

तो आमचा तरुण आता डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वय तीसला आले आहे. दिवसा वर्ग, रात्री ठेकेदाराचे काम. त्याची पत्नी शिवणकामाची जादा ऑर्डर घेते. वर्गातली पोरे त्याला 'काका' म्हणतात, पण फायबरच्या प्रात्यक्षिकाला सर त्यालाच पुढे बोलावतात. गणितात त्याचा एक विषय राहिला आहे. त्यासाठी विहारात शनिवारी एक निवृत्त शिक्षक त्याला शिकवतात आणि त्याच्याबरोबर वस्तीतली आणखी सहा मुले बसू लागली आहेत.

आपल्या विहारात असा एक वर्ग सुरू करायला काय लागते? एक फळा, एक दिवा आणि आपल्यापैकी एकाचा शनिवार.

जयभीम!