फाइल-स्थानांतर कार्यक्रम
दूरच्या संगणकावरील फाइल मागविणारा वा तेथे पाठविणारा संगणकीय कार्यक्रम. त्यासाठीची एफटीपी ही संकेतपद्धती अभय भूषण यांनी १९७१ मध्ये मांडली. मुंबईत १९८७ मध्ये पवईची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी व नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी यांच्यात दूरध्वनी-मार्गाने ई-पत्रव्यवहार सुरू झाला. अशा मार्गावर जोडणी मध्येच तुटण्याचा धोका असतो. पर्ल, पायथॉन यांसारख्या स्क्रिप्ट-भाषेत हा कार्यक्रम लिहिताना तोच ध्यानी घ्यावा लागतो. एफटीपीत आज्ञा व मजकूर यांच्या जोडण्या वेगळ्या असतात. सामान्यतः मजकुराची जोडणी बंद होणे हीच फाइल संपल्याची खूण असल्याने ती तुटल्यास अपुरी फाइलही पूर्ण भासते. म्हणून आज्ञेच्या जोडणीवर २२६ वा २५० हे पूर्ततादर्शक उत्तर आल्यावाचून कार्यक्रमाने फाइल स्वीकारू नये.