स्वस्त चहापत्ती महाग कशी पडते?

देगलूरच्या बाजारपेठेत शिंप्याचे दुकान असो, सुताराचा कारखाना असो की मोटार गॅरेज, दिवसातून दोन-तीन वेळा चहा झाल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. गिऱ्हाईक आले की चहा, माल उतरला की चहा. रमजानमध्ये दिवसाचा चहा बंद असतो, पण तरावीहनंतर ती कसर भरून निघते. दूध, साखर आणि गॅस यांचा हिशेब आपण ठेवतो. पत्तीचा क्वचितच ठेवतो. भाव वाढला की त्याहून हलकी पुडी घ्यायची, एवढाच उपाय माहीत असतो. 2024 साली आसामात आधी कडक ऊन आणि मग पूर यांमुळे देशाचे चहा उत्पादन 2023 पेक्षा जवळपास 11 कोटी किलोंनी घटले, भाव चढले आणि हलक्या मालाचे फावले.

पत्तीचा खर्च किलोच्या भावावर नव्हे, तर कपावर मोजला पाहिजे. समजा, एक पत्ती 260 रुपये किलो आहे, पण तिला चव यावी म्हणून कपाला 4 ग्रॅम घालावी लागते. कपामागे 1 रुपया 4 पैसे पडले. दुसरी 400 रुपये किलो, पण अडीच ग्रॅममध्ये काम भागते. कपामागे बरोबर 1 रुपया! शिवाय त्याच कपात दोन-तीन रुपयांचे दूध जाते. हलक्या पत्तीपायी ते दूधही बेचव करून पिण्यात कसली काटकसर? दहा रुपयांच्या छोट्या पुड्यांचाही असाच हिशेब करावा. पुडीवरचे वजन वाचावे. 25 ग्रॅम असेल तर तो माल 400 रुपये किलोने पडला.

मात्र महाग ती चांगली, असेही नाही. नामांकित पाकिटाच्या किमतीत जाहिरात आणि चकचकीत वेष्टन यांचाही खर्च असतो. सुटा चहा त्या भावात सरस मिळू शकतो, पण तो पारखून घ्यावा लागतो.

आपण रोज पितो तो दाणेदार चहा सी.टी.सी. पद्धतीचा. पाने यंत्राच्या दातेरी रुळांतून चिरडली, फाडली आणि वळली जातात. ही पद्धत 1930 च्या सुमारास आसामात निघाली. दाणे नंतर चाळणीने वेगळे करतात. घाऊक व्यापारी बी.पी., बी.ओ.पी., पी.एफ., पी.डी., डी. अशी अक्षरे सांगतात. ढोबळमानाने ही मोठ्या दाण्याकडून भुकटीकडे जाणारी उतरंड आहे. 'डस्ट' म्हणजे झाडलोट, असा गैरसमज पुष्कळांचा आहे. तसे नाही. ती त्याच पानाची बारीक चाळ असते; रंग आणि कडकपणा लवकर देते. चांगल्या मळ्याची डस्ट हलक्या मळ्याच्या मोठ्या दाण्यापेक्षा केव्हाही उत्तम.

कोणती घ्यावी, हे चहा करण्याच्या रीतीवर आहे. देगलूर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होते आणि आजही नांदेडहून हैदराबादला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. त्यामुळे इराणी चहाची आवड इथे नवी नाही. त्यात पत्तीचे पाणी झाकण लावून दमावर ठेवतात आणि दूध वेगळे आटवतात. त्याला बारीक डस्ट लागते. घरी किंवा कारखान्यात दूध-पाणी एकत्र उकळणाऱ्यांनी मध्यम दाणा घ्यावा आणि कडकपणा कमी वाटला तर थोडी डस्ट मिसळावी.

पारख करायला घराची चूल पुरे. दोन दुकानांतून पन्नास-पन्नास ग्रॅम आणावे. दोन सारख्या पेल्यांत सारख्या वजनाची पत्ती, सारखे उकळते पाणी घालून पाच मिनिटे झाकावे. गाळून आधी कोरा घोट घ्यावा, मग सारखे दूध घालावे. चांगला चहा दुधात विटकरी-सोनेरी होतो. जुना किंवा हलका करडा, मळकट दिसतो. उत्तम आसामी चहाचे कोरे पाणी थंड झाल्यावर गढूळ होते. पुष्कळजण त्याला दोष समजतात, वास्तविक ती खूण चांगली आहे.

नुसत्या रंगावर मात्र जाऊ नये, कारण भेसळीचा सगळा खेळ रंगाचाच असतो. वापरलेली पत्ती वाळवून, रंग देऊन पुन्हा विकली जाते. तिचा चहा लालभडक होतो, पण जिभेला काही लागत नाही. पांढऱ्या टिपकागदावर पत्ती पसरून थंड पाणी शिंपडावे, मग पत्ती धुऊन कागद उजेडात धरावा. शुद्ध पत्तीचा डाग पडत नाही, रंगवलेली लगेच डाग सोडते. पानवाल्याकडचा ओला चुनाही कामाला येतो: पांढऱ्या फरशीवर चुना लावून वर पत्ती भुरभुरावी. लाल किंवा नारिंगी रंग पसरला तर डांबरी रंग समजावा. शुद्ध पत्ती थोड्या वेळाने फिकट हिरवट-पिवळी छटा देते. लोहचुंबकही फिरवून पाहावे. यंत्राच्या रुळांमुळे लोखंडाचे किंचित कण येतातच, पण भरपूर कीस चिकटला तर माल परत करावा.

चहात वेगळा रंग घालण्यास कायद्याने मनाई आहे. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 नुसार साध्या ग्राहकालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. खरेदीच्या वेळी दुकानदाराला तसे सांगावे लागते आणि दोष निघाला तर फी परत मिळते. नुसती तक्रार करायची असेल तर ती अन्न व औषध प्रशासनाकडे करावी.

आपल्यातले जे बांधव स्वतः पत्ती विकतात, त्यांना धान्याच्या ढिगाची हदीस ठाऊकच आहे. प्रेषितांनी (स.) ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले निघाले, आणि ओले वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. दोन-तीन प्रतींचे मिश्रण करून विकणे हा तर या धंद्याचा भागच आहे; मिश्रण कशाचे, ते विचारणाऱ्याला सांगावे.

शेजारच्या चार-पाच दुकानदारांनी मिळून नांदेडच्या किंवा हैदराबादच्या घाऊक पेठेतून पाच-दहा किलो आणले, तर भावात फरक पडतो. पण नमुना आधी मागवून वरीलप्रमाणे चाखावा, आणि आलेला माल नमुन्याशी ताडून मगच पैसे चुकते करावेत. दोन-तीन महिन्यांपेक्षा अधिक साठा करू नये. पत्ती ओल आणि वास दोन्ही ओढते. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी; मसाले, साबण, अगरबत्ती यांच्या फळीवर नको, आणि अत्तराच्या दुकानात तर मुळीच नको.